ल्योंला निघालीस म्हणून

व्हिसा हातात पडल्याचा तुझा निरोप काल रात्री मिळाला. फार आनंद झाला, बाय. वसईची आणखी एक मुलगी आफ्रिकेच्या वाटेला लागली याचं मला मनापासून समाधान आहे. पण निरोपाच्या शेवटी तू लिहिलंस की वर्षभर ल्योंला राहून फ्रेंच उरकते आणि मग खऱ्या मिशनला बेनिनला येते. ते वाचून मी जरा थबकले. तू इथे पोहोचल्यावर हे बोलण्यात अर्थ नाही, आत्ताच बोलायला हवं. तुझं मिशन ल्योंच्या त्या घरात, पहिल्या दिवशीच्या जेवणाच्या टेबलावरच सुरू होणार आहे. ज्यांच्याकडे तू निघालीस, त्यांच्याच बहिणी तिथे तुझ्या शेजारच्या खोलीत राहणार आहेत.

सगळ्यात अवघड ते आधी सांगते. तू वसईत साठ मुलांचा वर्ग एका नजरेने शांत करणारी. पालकसभेत उभी राहिलीस की लोक ऐकतात. तिथे गेल्यावर पहिले काही महिने जेवताना मीठ मागायचं तरी मनात वाक्य जुळवावं लागेल. टेबलावर हशा पिकेल आणि तुला कशावर ते कळणार नाही, कळेल तोवर विषय बदललेला असेल. काही जण तुझ्याशी मोठ्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून बोलतील, लहान मुलाशी बोलतात तसं. त्याचा राग येईल. रात्री खोलीचं दार लावून रडावंसं वाटेल. रड खुशाल. यात तुझं काही चुकलेलं नाही आणि तुझी हुशारीही कुठे गेलेली नाही, फक्त ती अजून तिकडच्या लोकांना दिसत नाही. पण एवढं कर, हे दिवस नुसते ढकलू नकोस, त्यांच्याकडे नीट बघ. उद्या आमच्या इथल्या दवाखान्यात एखादी आई मूल घेऊन येईल. तिला फॉन भाषा येते, समोरचा फॉर्म फ्रेंचमध्ये आहे आणि टेबलापलीकडचा माणूस तिच्याशी असाच मोठ्या आवाजात बोलतोय. ती मान खाली घालून ‘हो, हो’ म्हणते. तिला काहीही समजलेलं नसतं, हे ओळखणारं माणूस तिथे हवं असतं. ते माणूस व्हायचं शिक्षण कुठल्याही वर्गात मिळत नाही. स्वतः काही महिने मुकं राहावं लागतं.

आता इंग्रजीबद्दल. आपल्या भारतीय सिस्टरांची फ्रेंच मागे पडते ती व्याकरणापायी नाही, इंग्रजीपायी. घरात केरळच्या, तमिळनाडूच्या, झारखंडच्या मुली असतील. स्वयंपाकघरात दोघी भेटल्या की आपोआप इंग्रजी सुरू होते. थकलेल्या जिवाला तेवढाच विसावा, मला समजतं. पण त्याच वेळी बाजूला भाजी चिरत उभी असलेली व्हिएतनामची सिस्टर त्या बोलण्यातून बाहेर फेकली जाते. किन्शासाची सिस्टर बशा पुसत असते, तिला वाटतं आपल्याबद्दलच काही चाललंय. म्हणून घरात तिसरं कुणी असलं की फ्रेंचच बोलायची, कितीही मोडकीतोडकी असली तरी. मी हे अभ्यासाच्या शिस्तीसाठी सांगत नाही. एका छपराखाली राहणाऱ्या बहिणीला परकं करायचं नाही, एवढ्यासाठी सांगते.

आणि शिकताना मधे इंग्रजीचा पूल घेऊ नकोस, सरळ मराठीतून जा. माझं ऐक, मराठी मुलीला फ्रेंच वाटते तितकी परकी नाही. प्रत्येक नामाला लिंग आहे म्हणून इंग्रजीतून शिकणारे कपाळाला हात लावतात. आपण तर पलंग तो, खुर्ची ती, टेबल ते म्हणतच लहानाच्या मोठ्या झालो. तिकडे नपुंसकलिंग नाही, दोनच लिंगं सांभाळायची. मात्र आपली लिंगं तिकडे जुळतीलच असं नाही, त्यामुळे प्रत्येक नाम त्याच्या आर्टिकलसकटच पाठ कर. दुसरी गोष्ट याहून मजेची आहे. ‘मी निबंध लिहिला, मी चिठ्ठी लिहिली’ म्हणताना आपलं क्रियापद लिहिणारीकडे बघत नाही, निबंधाकडे आणि चिठ्ठीकडे बघतं. फ्रेंच भूतकाळात ‘आव्वार’ या सहायक क्रियापदाबरोबर कर्म आधी आलं की नेमकं हेच होतं, पुढचं रूप कर्माप्रमाणे बदलतं. खुद्द फ्रेंच मुलं या नियमावर अडखळतात. तुला त्यामागचा विचार आईच्या दुधाबरोबर मिळालाय, फक्त तो कधी लागू होतो तेवढं लक्षात ठेवायचं. उच्चारात ओठ ‘ऊ’चे आणि जीभ ‘ई’ची ठेवून एक स्वर काढावा लागतो, तो आरशासमोर कर. अनुनासिकांचं भय नको, कोकणी कानावर असलेल्या मुलीला ती लवकर सापडतात.

आकडे मात्र वेळ देऊन पक्के कर. सत्त्याण्णव म्हणायचं तर ‘चार वीस दहा सात’ अशी बेरीज करावी लागते, आणि फोन नंबर तिथे दोन-दोन अंकांच्या जोड्यांनी सांगतात, तेही भरभर. किन्शासाची सिस्टर मात्र नव्वदसाठी वेगळा, सरळ एकच शब्द वापरेल, कारण कॉंगोत फ्रेंच बेल्जियमकडून गेली. ते ऐकून कुणी हसलं तर तू हसू नकोस.

कारण आता मी ज्या गोष्टीवर येतेय ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तिथल्या आपल्या मुलींचं निरीक्षण करते तेव्हा एक दिसतं. शंका विचारायची असली की त्या फ्रेंच सिस्टर शोधतात. ती दमलेली असो, कमी ऐकू येणारी असो, तिच्याकडेच जातात. शेजारी कॉंगोची किंवा आयव्हरी कोस्टची बहीण असते. तिचं सगळं शिक्षण शाळेपासून फ्रेंचमध्ये झालेलं, निबंध आणि भाषण दोन्ही पक्कं. तिला कुणी विचारत नाही. असं का होतं, हे आपण आपल्यालाच विचारलं पाहिजे. आपल्या घरात मुलगी जन्मली की आधी रंग बघतात. लग्नाच्या जाहिरातीत गोरी हवी असते. शाळेत सावळ्या मुलीला कुठल्या नावाने चिडवतात ते तू ऐकलंयस. हे सगळं आपण डोक्यावरची ओढणी काढून धर्मभगिनीचं शिरोवस्त्र घेतलं म्हणून धुऊन निघत नाही. ते आपल्याबरोबर विमानात बसतं. हे तुला कटू वाटेल, पण तू इथे येणार आहेस म्हणून बोलते. जिच्याकडून शिकायला तुला ल्योंत लाज वाटली, तिच्या आईची सेवा तू बेनिनमध्ये मनापासून करशील, यावर मी विश्वास कसा ठेवू?

म्हणून माझा हट्ट आहे, तुझी उच्चाराची वही आफ्रिकी बहिणीने तपासलेली असू दे. ती बोलते ती लय, तिचे शब्द, भेटल्यावर आधी घरच्यांची, मग प्रकृतीची, मग झोपेची चौकशी आणि त्यानंतरच कामाचं बोलणं, हे सगळं तुला पुढे जसंच्या तसं लागणार आहे. तिला तिची मातृभाषाही विचार. आफ्रिकेत बहुतेकांसाठी फ्रेंच ही शाळेची, कोर्टाची, सरकारी कागदाची भाषा. घरात फॉन, मोरे, लिंगाला, सांगो अशा कितीतरी भाषा बोलतात. फ्रेंच तिथे वसाहतीच्या राज्याबरोबर आली. मालीने २०२३ मध्ये आणि बुर्किना फासोने २०२४ मध्ये तिचा अधिकृत भाषेचा दर्जा काढून घेतला, हे तुला ठाऊक असायला हवं. तुझ्या तोंडची फ्रेंच कुणाला मदतीची वाटेल, कुणाला जुन्या साहेबाची आठवण करून देईल. दोन्ही समजून घेऊन बोलायचं. इथे आल्यावर तुला फॉन शिकायची आहे आणि ती शिकवणारी बाई कदाचित निरक्षर असेल. तिच्यासमोर बसायची सवय ल्योंपासूनच लावून घे.

घरातल्या राहण्याबद्दल थोडं. निरनिराळ्या देशांच्या बायका एकत्र आल्या की प्रार्थना आनंदाने होते, भांडण भांड्यांवरून होतं. खिडकी उघडी की बंद, पाव टेबलावर ठेवायचा की ताटात, कोण दार आपटतं, कुणाच्या फोडणीने मिरचीचा ठसका वर खोल्यांपर्यंत जातो. कार्डिनल लाव्हिजरींनी १८६८ आणि १८६९ मध्ये आफ्रिकेसाठी आधी धर्मगुरूंचा आणि मग धर्मभगिनींचा संघ उभा केला तेव्हा नियमच घातला होता, एका ठिकाणी तिघांपेक्षा कमी राहायचं नाही. तिघं असली की एकाला दुसऱ्याशी जुळवून घेणं चुकत नाही. आपल्या घरांतही तोच अनुभव आहे. एकीला सरळ तोंडावर बोलायची सवय असते, दुसरीला ‘नाही’ म्हणणंच उद्धटपणा वाटतो. तिचा ‘हो’ कधी ‘बघू’ असतो, कधी ‘मुळीच नाही’. मनात राग धरून आठवडा काढू नकोस. शब्द कमी असले तरी त्याच संध्याकाळी दारावर टकटक कर आणि सांग की मला वाईट वाटलं. तेवढं वाक्य पहिल्या महिन्यातच पाठ करून ठेव, बाकी व्याकरण मागाहून येईल. स्वयंपाकाची पाळी आली की तिखट बेताचं घाल, पण आपलं जेवण कर. कुणी फुफू हा आफ्रिकी पदार्थ करून हाताने खायला बसवलं की चमचा बाजूला ठेवून बस. तुझ्यासारखी हाताने जेवणारी आणखी एक बहीण भेटल्याचा आनंद तिच्या तोंडावर दिसेल.

घरातल्या म्हाताऱ्या सिस्टरांना विसरू नकोस. फ्रान्समधल्या आपल्या घरांत ऐंशी-नव्वदीच्या सिस्टर्स असतात. त्यांपैकी कित्येकींनी उमेदीची सगळी वर्षं आफ्रिकेत, मादागास्करला घालवलेली. काहींच्या बोलण्यात आमचा बेनिन अजून दाहोमे असतो. १९७५ साली देशाचं नाव बदललं, त्यांच्या तोंडातलं नाही बदललं. त्यांना वेळ भरपूर असतो आणि ऐकणारं कुणी नसतं, तुला वेळ काढावा लागेल आणि बोलायला कुणी हवं असेल. दुपारी अर्धा तास त्यांच्याजवळ बस, वर्तमानपत्र वाचून दाखव. त्या चूक सुधारतात, कंटाळत नाहीत. त्यांना जुनी बाळंतपणं, जुने ताप, पावसात वाहून गेलेले रस्ते विचार. आणि काय चुकलं तेही विचार. वयस्क मिशनरी बायका याबद्दल फार प्रांजळपणे बोलतात, त्यातून मी पुष्कळ शिकले.

ल्यों शहर पायी फिरून बघ. रोन आणि सोन या दोन नद्यांचं ते गाव. फूर्व्हिएरच्या टेकडीवरचं मोठं मंदिर सगळेच बघतात, तूही बघशील. पण क्र्वा-रूसच्या उतारावर रोमन काळातल्या प्रेक्षागाराचे अवशेष आहेत, तिथे मुद्दाम जा. इसवी सन १७७ मध्ये तिथल्या ख्रिस्ती मंडळीचा छळ झाला. नव्वदी ओलांडलेले बिशप पोथिनस आणि ब्लांदिना नावाची गुलाम मुलगी, दोघांनीही त्या छळात प्राण दिले. मंडळी कोणती? बरीचशी आशिया मायनरकडून आलेली, ग्रीक बोलणारी, परमुलखात राहणारी माणसं. त्यानंतर बिशप झालेले संत इरेनियस स्मर्ना भागातले, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातले. आपल्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच ते वाचकांना सांगतात की मी केल्ट लोकांत राहतो, त्यांचीच भाषा रोज तोंडात असते, तेव्हा माझ्याकडून अलंकारिक लेखनाची अपेक्षा ठेवू नका. २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांना धर्मपंडित ही पदवी दिली. वर्गात परीक्षेला नापास झालीस की इरेनियसची आठवण काढ. ल्योंची ख्रिस्तसभा पहिल्या दिवसापासून परदेशी माणसांची आहे, तू तिथे पाहुणी नाहीस.

त्याच शहरात पोलीन जारिको या रेशीम व्यापाऱ्याच्या मुलीने कामगारांकडून आठवड्याला एक सू, म्हणजे अगदी किरकोळ नाणं, गोळा करायला सुरुवात केली. दहा-दहा जणांचे गट केले. त्यातून १८२२ मध्ये जगभरच्या मिशनांना आधार देणारी संस्था उभी राहिली. ती स्वतः कर्जात बुडून, गरिबीत वारली. २०२२ च्या मे महिन्यात ल्योंमध्येच तिला धन्यवादित घोषित केलं. आणि बिशप मेल्किओर द मारियों ब्रेझियाक तर आपल्या दक्षिणेत, कोइमतूरला होते. स्थानिक धर्मगुरू तयार व्हावेत यासाठी ते झगडले, शेवटी राजीनामा देऊन परत गेले. १८५६ च्या ८ डिसेंबरला फूर्व्हिएरच्या टेकडीवर त्यांनी आफ्रिकेसाठी संघ स्थापन केला. १८५९ मध्ये फ्रीटाउनला उतरले आणि दीड महिन्याच्या आत तापाने गेले. भारतातून ल्यों आणि तिथून पश्चिम आफ्रिका, हीच तर तुझी वाट आहे. ८ डिसेंबरला सगळं शहर खिडक्यांत दिवे लावतं. पर्यटकांची तोबा गर्दी होते, तरी तू तुझ्या खिडकीत पणती लाव आणि त्या माणसासाठी प्रार्थना कर.

निघताना आपल्याकडचे लोक सांगतील की फ्रान्समध्ये धर्म उरला नाही, चर्चं ओस पडली आहेत, आता तुम्हीच जाऊन त्यांना वाचवा. हे मनात धरून जाऊ नकोस. १९०५ च्या कायद्याने तिथे धर्म आणि शासन वेगळे झाले. सरकारी शाळेत मुलांनी ठळक धर्मचिन्हं घालायची नाहीत, असा २००४ चा कायदा आहे. रस्त्यात तुझा क्रूस पाहून कुणी अंतर राखून वागेल, तर त्यामागे मोठा इतिहास आहे, तो वाच. खेड्यांत चर्चं रिकामी आहेत हे खरं. पण गियोतिएरसारख्या वस्तीत, जिथे अरबांची, आफ्रिकी लोकांची, चिनी लोकांची दुकानं एकमेकांना खेटून आहेत, तिथे रविवारी मिस्साला गेलीस तर वेगळं चित्र दिसेल. २०२५ च्या ईस्टरला फ्रान्समध्ये १०,००० हून अधिक प्रौढांनी बाप्तिस्मा घेतला, आणि त्यांत तरुण पुष्कळ होते. त्यांच्याबरोबर बस, त्यांनी काय शोधलं ते ऐक.

एक बारीकशी गोष्ट, पण तिने दिवस सुधारतो. बेकरीत, बसमध्ये, ऑफिसात शिरल्याबरोबर आधी ‘बोंजूर’ म्हण, मग काम सांग. आपल्याकडे सरळ ‘अर्धा डझन पाव द्या’ म्हणतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. तिथे तो मोठा उद्धटपणा होतो.

अभ्यासासाठी तुझ्याजवळ असं एक साधन आहे जे विद्यापीठातल्या इतर मुलांकडे नाही. स्तोत्रं तुला मराठीत तोंडपाठ आहेत. आदल्या रात्री उद्याची वाचनं मराठी बायबलमध्ये वाच, सकाळी तीच फ्रेंचमध्ये ऐक. अर्थ आधीच घरचा असल्याने शब्द आपोआप जागेवर बसतात. एईएलएफ या संकेतस्थळावर रोजचे पाठ मिळतात. आरसीएफ हा ख्रिस्ती रेडिओ ल्योंमध्येच १९८२ साली सुरू झाला, तो भांडी घासताना लावून ठेव. आरएफआयचं सोप्या फ्रेंचमधलं बातमीपत्र रोज ऐक, त्यात आफ्रिकेच्या बातम्याही असतात. भाषेच्या बी-वन पातळीपर्यंत पोचलीस की रोजचं जगणं सुरळीत होतं, पण दवाखान्यात किंवा शाळेत काम करायचं तर बी-टूचा आग्रह धर. सुपिरिअर ‘चालेल’ म्हणाल्या तरी तू आणखी एक सत्र मागून घे.

प्रार्थनेबद्दल घाबरून जाऊ नकोस. परक्या भाषेत सकाळची प्रार्थना म्हणताना मन कोरडं राहील. सगळ्यांचं राहतं. रात्री एकटी असताना मराठीत बोल देवाशी, घरच्या बोलीत बोल. परकी भाषा आपली व्हायला वेळ लागतोच. फादर स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि त्यांचं मराठी क्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापून निघालं, मधे सदतीस वर्षं गेली. त्यांच्याच मागोमाग एतिएन द ला क्र्वा नावाच्या एका फ्रेंच जेज्वीटाने संत पीटरवर मराठी ओव्यांत पुराण रचलं, ते १६२९ मध्ये प्रसिद्ध झालं. एक फ्रेंच माणूस आपल्या ओवीपर्यंत पोचला, तो इथल्या लोकांत वर्षानुवर्षं बसून. तुला एका वर्षात कुणी पुराण रचायला सांगत नाहीये.

बाकी किरकोळ. पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत व्हिसा ऑनलाइन वैध करून घ्यावा लागतो, ते काम पहिल्याच आठवड्यात उरक. जाड कोट इथून विकत नेऊ नकोस, तिथे जुन्या कपड्यांच्या दुकानात चांगला मिळतो. डिसेंबरात पाच वाजता अंधार पडतो, ऊन दिवसेंदिवस दिसत नाही, त्याने मन खचतं. झोप उडाली, भूक मेली, नुसतं रडू येतंय असं आठवडाभर राहिलं तर सुपिरिअरना सांगून डॉक्टरकडे जा. नोव्हेना करतच राहा, पण डॉक्टरकडेही जा. घरी फोन करताना उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तासांचं अंतर धर. आईला रोज व्हिडिओ कॉल लावू नकोस, आठवड्यातून एकदा निवांत बोल, नाहीतर तू मनाने वसईतच राहशील आणि आई काळजीने अर्धी होईल.

विमानतळावरून ट्राम सरळ पार-दियू स्टेशनला येते, तिथे घरातल्या सिस्टर घ्यायला येतील. त्यांत एक कॉंगोची आहे, मी तिला तुझ्याबद्दल लिहिलंय. संध्याकाळी तुझ्याबरोबर रोज अर्धा तास बोलायला बसायचं तिने कबूल केलंय. मसाल्याची पुडी दोन जास्त आण, एक तिच्यासाठी. मागे आपल्या घरचं कालवण तिला खाऊ घातलं होतं, तेव्हापासून ती मसाला मागतेय.